वायरलेस रिमोट शटर घेताय? आधी कॅमेऱ्याला विचारा!

फोनवरून नुकतेच डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याकडे वळलेले मित्र मला एक प्रश्न हमखास विचारतात: “रिमोट शटर कोणता घेऊ? लिंक पाठव ना.” माझं उत्तर ठरलेलं असतं: “आधी कॅमेऱ्याचं मॉडेल सांग.” कारण रिमोट चांगला की वाईट ही नंतरची गोष्ट. तुमच्या कॅमेऱ्याला त्या रिमोटचं ऐकूच येत नसेल, तर पंचतारांकित रिव्ह्यू असलेला रिमोटसुद्धा कपाटातच पडून राहणार.

मी मूळचा शिराळ्याचा, नोकरीला पुण्यात. आमच्याकडे कॅमेरा बाहेर काढायला कारणं भरपूर: नागपंचमीची मिरवणूक, पावसाळ्यात चांदोलीच्या बाजूचे धबधबे, हिवाळ्यातलं तारे भरलेलं आकाश आणि सणाला सगळं घर जमल्यावरचा ग्रुप फोटो. या प्रत्येक कामाला लागणारा रिमोट वेगळा आहे, आणि काही कामांना तर रिमोट लागतच नाही. म्हणून पैसे घालवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधू. पण त्याआधी थोडं आत डोकावून बघू.

रिमोट शटर नेमकं करतो काय?

शटरचं बटण बोटाने दाबलं की कॅमेरा किंचित हलतो. उजेडात फरक पडत नाही. पण शटर एक सेकंद उघडं असेल, तर तेवढ्या धक्क्यानेही फोटो हलतो. रिमोटमुळे कॅमेऱ्याला हात न लावता फोटो निघतो. दुसरा फायदा म्हणजे फोटो काढणाऱ्यालाही फोटोत उभं राहता येतं.

आतली गंमत अगदी साधी आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या बाजूला रबरी झाकणाखाली रिमोटचं सॉकेट असतं. त्यात मुख्य संपर्क तीनच: एक सामाईक, एक फोकसचा, एक शटरचा. फोकसचा संपर्क सामाईकला जोडला की कॅमेऱ्याला वाटतं बटण अर्धं दाबलं. शटरचाही जोडला की वाटतं पूर्ण दाबलं. म्हणजे वायरचा रिमोट हा फक्त एक स्विच आहे. रेडिओ रिमोटचा रिसीव्हरसुद्धा याच सॉकेटला लागतो. तिथे स्विच तुमच्या बोटाऐवजी रिसीव्हरमधलं सर्किट दाबतं, एवढाच फरक.

सेल्फी स्टिकचं ब्लूटूथ बटण का चालत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बाजारात अगदी स्वस्तात मिळणारं ते छोटं बटण फोनला “मी एक कीबोर्ड आहे” असं सांगून जोडलं जातं आणि दाबलं की सहसा “आवाज वाढव” ही की पाठवतं. फोनच्या कॅमेरा ॲपमध्ये आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, म्हणून ते तिथे चालतं. तुमच्या डीएसएलआरला कीबोर्ड म्हणजे काय हेच माहीत नाही. दोन्हीकडे ब्लूटूथ असलं तरी दोघांची भाषा वेगळी. म्हणून फक्त “ब्लूटूथ रिमोट” एवढंच वाचून कधीच ऑर्डर करू नका.

बाजारात मिळणारे चार प्रकार

• इन्फ्रारेड: टीव्हीच्या रिमोटसारखा. स्वस्त, छोटा, बटण सेलवर चालणारा. पण कॅमेरा समोर दिसायला हवा, आणि कडक उन्हात पल्ला कमी होतो.

• रेडिओ: दोन भाग असतात. एक तुमच्या हातात, दुसरा कॅमेऱ्यावर, छोट्या वायरने सॉकेटला जोडलेला. बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. समोर असण्याची गरज नाही, पल्ला मोठा, पण सेल दोन्ही भागांना लागतात.

• ब्लूटूथ: कॅमेऱ्यात ब्लूटूथ असेल आणि कंपनीने त्या मॉडेलला रिमोटची सोय दिली असेल तरच. एकदा पेअर केला की वेगळा रिसीव्हर लागत नाही.

• फोनचं ॲप: कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, सोनीचं क्रिएटर्स ॲप. फुकट. फोन आणि कॅमेरा थेट एकमेकांशी बोलतात, त्यामुळे इंटरनेट लागत नाही आणि रेंज नसलेल्या गावातही काम होतं. मात्र कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते.

प्रश्न १: तुमच्या कॅमेऱ्याला काय ऐकू येतं?

इथे कंपनीचं नाव पुरेसं नाही, नेमकं मॉडेल बघावं लागतं. काही उदाहरणं:

• कॅनन १५००डी: इन्फ्रारेड रिसीव्हर नाही. बाजूला २.५ मिलिमीटरचं गोल सॉकेट आहे. म्हणून त्याच पिनचा वायरचा रिमोट किंवा रेडिओ रिसीव्हर घ्या. वायफाय असल्यामुळे ॲपही चालतं.

• कॅनन २००डी मार्क २: ब्लूटूथ आहे, त्यामुळे कॅननचा बीआर-ई१ हा रिमोट चालतो. त्याचा पल्ला साधारण ५ मीटर.

• निकॉन डी५३००: समोर इन्फ्रारेड रिसीव्हर आहे. छोटा एमएल-एल३ किंवा त्याच्यासारखा दुसऱ्या कंपनीचा रिमोट चालतो.

• निकॉन डी३५००: आधीच्या डी३४०० ला इन्फ्रारेड होतं, या मॉडेलमध्ये ते काढलं. रिमोटचं सॉकेटही नाही. इथे स्नॅपब्रिज ॲप हाच रस्ता. याच कॅमेऱ्यासाठी लोक “निकॉन रिमोट” म्हणून एमएल-एल३ मागवतात आणि मग परत पाठवण्याच्या भानगडीत अडकतात.

सॉकेटमध्येही एक मेख आहे. कॅननच्या छोट्या मॉडेल्सना २.५ मिलिमीटरची गोल पिन लागते, तर ५डी किंवा ७डी सारख्या मोठ्यांना तीन पिनांचं वेगळं सॉकेट असतं. एकाची वायर दुसऱ्याला बसत नाही. म्हणून कॅमेऱ्याचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या, त्यातलं रिमोटचं पान काढा आणि तिथे लिहिलेला रिमोटचा नंबर वेबसाइटवरच्या वर्णनाशी जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुना कॅमेरा विकत घेत असाल तर हे पान व्यवहाराआधी बघा. रिमोट नंतर बदलता येतो, कॅमेऱ्यातलं सॉकेट नाही.

प्रश्न २: तुम्ही कुठे उभे राहणार?

*घरचा ग्रुप फोटो:* सणाला मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, अंगणात फोटो निघतात, आणि फोटो काढणारा एकाही फोटोत नसतो. अंतर चार-पाच मीटर, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या समोरच. इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथ इथे पुरेसा आहे. त्याहून बरं म्हणजे आधी ॲप वापरून बघा. स्क्रीनवर चित्र दिसतं, त्यामुळे कडेला बसलेली आजी कापली जात नाही ना, हे आधीच कळतं. शटरला दोन सेकंदांचा टायमर ठेवा, म्हणजे फोन खाली घ्यायला वेळ मिळतो. आजी-आजोबांबरोबर आपला स्वतःचा एक नीट फोटो असावा, यासाठी मला तरी हा सगळा खटाटोप पटतो.

*धबधबा:* तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे, आणि इन्फ्रारेडचा डोळा बहुतेक कॅमेऱ्यांना पुढे. दरवेळी हात पुढे नेऊन बटण दाबावं लागतं. इथे वायरचा किंवा रेडिओ रिमोट सोयीचा. पण खरं सांगायचं तर धबधब्याला कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा सेल्फ टायमरही पुरतो. पाणी काही पळून जात नाही. बटण दाबा, हात काढा, कॅमेरा स्थिर होईपर्यंत शटर उघडतं.

*मिरवणुकीची गर्दी:* समजा कॅमेरा गच्चीवर ट्रायपॉडला लावलाय आणि तुम्ही खाली रस्त्यावर आहात. इथे रेडिओच हवा. तरी एक लक्षात ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल पाणी चांगलंच शोषतं. माणसाच्या शरीरात आणि ओल्या पानांत पाणीच असतं. त्यामुळे खोक्यावर लिहिलेले १०० मीटर मोकळ्या मैदानातले समजा. श्रावणातल्या गर्दीत तेवढे मिळणार नाहीत.

रेडिओ रिमोटमध्ये चॅनेल बदलायची सोय आहे का तेही बघा. शेजारच्या फोटोग्राफरकडे तोच रिमोट त्याच चॅनेलवर असेल, तर त्याने बटण दाबलं की तुमचा कॅमेरा वाजेल. इन्फ्रारेडमध्ये तर पेअरिंगच नसतं. रिमोट मोडवर ठेवलेल्या तुमच्या निकॉनला दुसऱ्या कोणाच्याही एमएल-एल३ने फोटो काढता येतो.

प्रश्न ३: बटण किती वेळ दाबून ठेवायचंय?

हा प्रश्न ताऱ्यांच्या फोटोसाठी. बहुतेक कॅमेरे स्वतःहून जास्तीत जास्त ३० सेकंद शटर उघडं ठेवतात. त्यापुढे “बल्ब” मोड लागतो, ज्यात बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ शटर उघडं राहतं. बोटाने हे जमणार नाही. लॉक होणारं बटण किंवा टायमर असलेला रिमोट लागतो.

पण तुम्हाला तारे ठिपक्यांसारखे हवेत की रेषांसारखे?

ठिपके हवे असतील तर १८ मिलिमीटर लेन्सवर साधारण १७-१८ सेकंदांपर्यंतच शटर उघडं ठेवता येतं. त्यानंतर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे लांबट दिसू लागतात. म्हणजे ३० सेकंदांच्या आतलंच काम. सेल्फ टायमर लावा, रिमोटचा खर्च शून्य.

गोल फिरलेल्या रेषा हव्या असतील तर तासभर तरी लागतो, कारण आकाश तासाला १५ अंश फिरतं. यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. शटर ३० सेकंद ठेवा, कॅमेरा सलग फोटो काढण्याच्या मोडवर टाका आणि लॉक होणाऱ्या वायरच्या रिमोटचं बटण लॉक करा. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राहतो. तासाभरात साधारण १२० फोटो होतात, ते नंतर कॉम्प्युटरवर एकत्र करायचे. वायरच्या रिमोटला सेल लागत नाही, त्यामुळे मध्यरात्री तो दगा देत नाही. इथे वायरलेसपेक्षा साधी वायर सरस.

आपल्या भागासाठी एक टीप: शिराळा साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. म्हणजे ध्रुव दोन मुठींच्याही आत! उत्तरेला जवळ डोंगर असेल तर तो झाकलाच जाणार. गोल रेषा हव्या असतील तर उत्तरेकडे मोकळं असलेलं पठार शोधा.

आणि जंगलात?

“रिमोट घेतो, चांदोलीत कॅमेरा लावून ठेवतो” असं कोणी म्हणालं की मी थांबवतो. चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे कॅमेरा लावून ठेवता येत नाही. वनविभाग जे कॅमेरा ट्रॅप वापरतो, त्यात रिमोट दाबणारा माणूसच नसतो. प्राण्याच्या शरीराची उष्णता सेन्सरसमोरून हलली की कॅमेरा आपोआप सुरू होतो. २०१८ मध्ये या व्याघ्र प्रकल्पात वाघ टिपला गेला तो अशाच कॅमेऱ्यात. शेताच्या बांधावर साप दिसला तरी कॅमेरा त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायला रिमोट हे निमित्त नको. लांबची लेन्स वापरा आणि लांब राहा.

रिमोट घरी आल्यावर

१. परत करायची मुदत संपायच्या आत, आणि कार्यक्रमाच्या आधी, घरीच तपासा.

२. इन्फ्रारेड चालत नसेल तर बटण दाबून तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा. बऱ्याच फोनवर, विशेषतः सेल्फी कॅमेऱ्यात, त्याचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक, सेटिंग बघा.

३. इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथ असेल तर कॅमेऱ्यात सहसा रिमोटचा मोड निवडावा लागतो. निकॉनच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये हा मोड एका मिनिटाने आपोआप बंद होतो. मेनूमधून वेळ वाढवा.

४. अंधारात फोकस आधी लावून मॅन्युअलवर टाका. नाहीतर कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि फोटो निघतच नाही.

५. बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर जीवावर बेतू शकतं, लगेच दवाखाना गाठावा लागतो. सेलच्या कप्प्याला स्क्रू असलेला रिमोट बरा.

थोडक्यात सांगायचं तर

• फक्त ग्रुप फोटो काढायचे: आधी ॲप वापरा. कंटाळा आला तर कॅमेऱ्याला चालणारा इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथ घ्या.

• धबधबे आणि ठिपक्यांसारखे तारे: सेल्फ टायमर. काहीच घेऊ नका.

• ताऱ्यांच्या रेषा: लॉक होणारा वायरचा रिमोट.

• लांबून किंवा आडून फोटो काढायचे: चॅनेल बदलता येणारा रेडिओ रिमोट.

तुमचं काम यांपैकी पहिल्या दोनांत बसत असेल, तर रिमोटचे पैसे वाचवा आणि एक दणकट ट्रायपॉड घ्या. डुगडुगणाऱ्या ट्रायपॉडवर कितीही भारी रिमोट लावला तरी फोटो हलणारच.