मुंडानियम: कार्डांवर विणलेलं जाळं

वेबचा पूर्वेतिहास सांगताना बहुतेक जण अमेरिकेतल्या व्हॅनिव्हर बुश यांच्या १९४५ च्या लेखापासून सुरुवात करतात. ब्रुसेल्समध्ये माहिती एकमेकांशी जोडण्याचं काम त्याच्या पन्नास वर्षं आधी सुरू झालं होतं, तेही कागद, शाई आणि लाकडी खणांच्या बळावर.

पॉल ओत्ले आणि ऑन्री ला फोंतेन हे दोघे वकील. जगात जे जे छापलं गेलं त्याची नोंद कार्डावर करायची, हे काम त्यांनी १८९५ मध्ये अंगावर घेतलं. साडेबारा सेंटिमीटर लांब, साडेसात सेंटिमीटर रुंद अशी ही कार्डं वर्षअखेरीस चार लाखांवर गेली आणि पुढे एक कोटी वीस लाखांच्या घरात पोचली. लोक टपालाने प्रश्न पाठवत, त्यांची संस्था शुल्क घेऊन त्या विषयाच्या कार्डांच्या नकला धाडत असे. या सगळ्या पसाऱ्याला पुढे मुंडानियम हे नाव मिळालं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यातली जोडणी. ग्रंथालयांतल्या ड्युईच्या दशांश वर्गीकरणाचा पाया घेऊन या दोघांनी त्यात चिन्हं आणली. १७ म्हणजे नीतिशास्त्र, ७ म्हणजे कला. मधे विसर्गासारखी दोन टिंबं दिली की १७:७, म्हणजे नीतिशास्त्राचा कलेशी असलेला संबंध. ३७ म्हणजे शिक्षण, कंसातला (५४०) म्हणजे भारत. म्हणून ३७(५४०) हे भारतातलं शिक्षण. भाषेला वेगळं चिन्ह, काळाला वेगळं. जोड स्थळाची आहे की भाषेची, हे चिन्हावरूनच कळतं. आजच्या वेबवरची साधी लिंक दोन पानं जोडते, पण ती का जोडली ते सांगत नाही. इथे ओत्ले आजही आपल्या पुढे आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्र शिकणारे हीच पद्धत ‘यूडीसी’ म्हणून अभ्यासतात.

१९३४ मध्ये ओत्लेने दस्तऐवजशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात त्याने कल्पिलेल्या अभ्यासाच्या टेबलावर एकही पुस्तक नाही. आहे फक्त पडदा आणि टेलिफोन. ग्रंथ दूरच्या एका प्रचंड इमारतीत. फोनवरून विचारायचं, हवं ते पान पडद्यावर वाचायचं. अनेक पानं एकदम हवी असतील तर पडद्याचे तितके भाग करायचे.

त्याच वर्षी बेल्जियम सरकारने संस्थेचं दार बंद केलं. १९४० मध्ये जर्मनांनी आपल्या कलाप्रदर्शनासाठी जागा रिकामी करवली, तेव्हा बराच संग्रह नष्ट झाला. ओत्ले १९४४ मध्ये गेला. उरलेले कागद धूळ खात पडले होते. १९६८ मध्ये बॉइड रेवर्ड हा अभ्यासक त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्याने ओत्लेचं चरित्र लिहिलं.

वाचलेला संग्रह १९९८ पासून बेल्जियममधल्याच मॉन्स गावी लोकांसाठी खुला आहे. ब्रुसेल्सला जाणं झालं तर एक दिवस मॉन्ससाठी जरूर काढा.