सैतानाच्या यंत्रातील कुलुपे

आमचे धर्माबाद मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. इथे कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसले तरी कारण विचारण्याची पद्धत नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आलेला पुतण्या माझ्या संगणकासमोर डोळे पुसू लागला, तेव्हा मात्र विचारावे लागले.

“काका, हा खेळ म्हणतोय, मला काढून टाक!”

खेळाचे नाव ‘पोनी आयलंड’. कॅनडातील डॅनियल मलिन्स यांनी तो २०१६ साली विक्रीस आणला. पडद्यावर एक तट्टू फाटकांवरून उड्या मारते, इतकेच मला दिसले होते. प्रत्यक्षात ते यंत्र सैतानाने रचलेले आणि खेळणारा त्यात अडकलेला जीव! खेळ सुरू करण्याची कळच मोडकी. ती दुरुस्त करायची तर यंत्राच्या पोटातल्या आज्ञावलीत शिरावे लागते. तिथे ओळीओळींतून एक खूण खाली उतरते. बाणांच्या मोजक्या सोंगट्या मांडून तिला वळवीत नेमक्या जागी पोहोचवायचे. पुतण्याने एक कोडे मला दिले. माझी एम. ए. ची पदवी तेथे काही कामास आली नाही.

भय इथे रक्ताचे नाही, फसगतीचे आहे. एक राक्षस बजावतो, नजर हलवू नकोस. आणि लगेच मित्राचा निरोप आल्याचे खोटेच भासवतो. पुतण्या हटकून फसला.

मला आमच्याच जिल्ह्यातले माहूर आठवले. तिथे ज्यांचे तीर्थस्थान आहे, त्या महानुभावांनी सर्वांना कळावे म्हणून धर्म मराठीत सांगितला आणि पुढे तेच ग्रंथ सकळ लिपीत बंद केले: ओळखीच्या अक्षराच्या जागी भलतेच चिन्ह! शेकडो वर्षांनी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती उकलली, तेव्हा ‘लीळाचरित्र’ पंथाबाहेरच्यांना वाचायला मिळाले. मला हा व्यवहार ठाऊक होता: कुलूप उघडले की ठेवा हाती येतो.

इथे उलटे. शेवटचे कोडे सुटल्यावर आत अडकलेला दुसरा जीव विनवतो, खेळ संगणकावरून काढून टाक, म्हणजे मी सुटेन.

“पैसे भरलेत, पुन्हा उतरवून घेता येईल की,” मी म्हणालो.

“मग तो परत अडकेल ना, काका?”

जुन्या वह्यासुद्धा न टाकणारा मी यावर काय बोलणार? भाऊबीजेला जेवायला तो उशिरा आला. नंतर पाहतो तो पडद्यावरून खेळ गेलेला. त्याचे डोळे लाल होते. या खेपेस मी कारण विचारले नाही.