वरातीमागून आलेले पदक

‘वरातीमागून घोडे’ ही म्हण आपण उशिरा येणाऱ्याची थट्टा करण्यासाठी वापरतो. परंतु हल्ली क्रीडाक्षेत्रात पदकांच्या वरातीमागून खरोखरीच घोडी येऊ लागली आहेत. वाजंत्री पांगलेली असते, मांडव उतरलेला असतो, आणि आठ-दहा वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी येते की अमक्याचे पदक काढून घेतले, तमक्याला दिले. खेळाडूंच्या मूत्राचे नमुने जपून ठेवायचे आणि नवी परीक्षा हाती आली की ते पुन्हा तपासायचे, या पद्धतीचे हे फळ आहे.

संगीताच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या वडिलांनी उमेदीच्या आरंभी दरबारची चाकरी केली; त्या काळी गवई आणि मल्ल यांचा शिधा एकाच कोठीतून येई, असे ते सांगत. तेव्हा तालमीशी आमचा ऋणानुबंध जुनाच आहे.

निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या टापूत कुस्ती ही जत्रेइतकीच घरची गोष्ट आहे. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात वा गावोगावच्या मैदानांत हलगी वाजू लागली की म्हातारीकोतारी माणसेही फेटा सावरून बसतात. आपल्या लाल मातीचा न्याय उघडा असतो. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली; हजारो डोळ्यांनी ती पाहिलेली असते, आणि पंचाने डोळे मिटले तरी गाव डोळे मिटत नाही. मात्र एक गोष्ट या हजारो डोळ्यांनाही दिसत नाही. मल्लाच्या अंगातील ताकद जोर-बैठकांची आणि दूध-बदामाची आहे, की सुईतून आलेली, हे मातीवर उमटत नाही. ते पाहण्यासाठी बाटली, प्रयोगशाळा आणि कायदा लागतो. पंचाईत येथूनच सुरू होते.

कुस्तीतलेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला ६० किलो गटात योगेश्वर दत्त यांनी कांस्यपदक मिळवले. आरंभीच्या फेरीत ते रशियाच्या बेसिक कुदुखोव्ह यांच्याकडून हरले होते; कुदुखोव्ह अंतिम फेरीत गेल्यामुळे योगेश्वर यांना पुन्हा संधी मिळाली आणि लागोपाठ कुस्त्या मारून त्यांनी पदक गाठले. कुदुखोव्ह यांना रौप्य मिळाले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये बातमी आली की त्यांच्या जपून ठेवलेल्या नमुन्याच्या फेरतपासणीत निषिद्ध द्रव्य सापडले आहे. आता रौप्यपदक योगेश्वर यांच्याकडे येणार. तेव्हा योगेश्वर यांनी जाहीर केले की ते पदक त्या मल्लाच्या घरच्यांपाशीच राहू द्यावे. हरलेल्या मल्लाला उचलून धरणारी कुस्तीची जुनी रीत त्यात दिसली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ते प्रकरण मिटवले. मृत माणसावर चौकशी चालवता येत नाही, हे कारण. म्हणजे बाटली बोलली, परंतु उत्तर द्यायला माणूस उरला नव्हता. रौप्य होते तेथेच राहिले.

ही बाटली बोलते तरी कशी? खेळाडूचा नमुना दोन बाटल्यांत घालतात, त्यांवर नाव न घालता क्रमांक घालतात आणि मोहोर लावतात. पहिली बाटली तपासतात. तीत काही आढळले तर खेळाडूच्या मागणीवरून दुसरी उघडतात. उरलेला नमुना गोठवून ठेवता येतो. पूर्वी त्याची मुदत ८ वर्षे होती, २०१५ पासून ती १० वर्षे झाली. शरीरात गेलेल्या औषधाचे रूपांतर होत जाते आणि त्याचे काही सूक्ष्म अवशेष फार दिवस टिकतात. त्या दिवशीच्या यंत्राला ते दिसत नाहीत. पुढच्या पिढीच्या यंत्राला दिसतात. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांचे असेच आहे. लहानपणी खरखरीत बुडालेली एखादी तान आज नव्या यंत्रावर लावली तर गवयाने मध्येच घेतलेला श्वासही ऐकू येतो. तबकडी तीच, गाणे तेच. कान तेवढे सुधारले.

या सुधारलेल्या कानांनी पुष्कळ काही ऐकले. एकट्या लंडनच्या नमुन्यांच्या फेरतपासणीतून ३१ पदके काढून घेतली गेली. आपल्या अंजू बॉबी जॉर्ज यांनी २००५ मध्ये मोनॅको येथील जागतिक स्पर्धेत लांब उडीत रौप्य मिळवले होते. पहिल्या आलेल्या तात्याना कोतोव्हा यांचा त्याच वर्षीचा दुसऱ्या स्पर्धेतला नमुना पुढे फेरतपासणीत सदोष ठरला आणि २०१४ मध्ये अंजूंचे रौप्य सुवर्ण झाले. नऊ वर्षे! विजयस्तंभावर उभे राहण्याचा, राष्ट्रगीत ऐकण्याचा तो क्षण मात्र कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. सीमाभागातील वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको. १९५६ पासून ज्यांनी एका निवाड्याची वाट पाहिली, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल वाचला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातील तारखा मोजल्या, त्यांना उशिराचा न्याय काय असतो ते ठाऊक आहे.

परंतु उशिरापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी ज्यांनी पाहिल्या आहेत ते जाणतात की माल कितीही चांगला असो, वखारीची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे यावर सारा विश्वास. नमुन्यांच्या वखारीची किल्ली कोणाकडे? २०१४ च्या सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियाच्या यजमानांनीच रात्री भिंतीतल्या भोकातून बाटल्या बाहेर काढल्या आणि दूषित मूत्राच्या जागी आधी साठवलेले स्वच्छ मूत्र भरून ठेवले, हे २०१६ च्या मॅक्लारेन अहवालात उघड झाले. जी बाटली उघडताच येत नाही असे सांगितले जात होते, ती सरकारी आशीर्वादाने उघडली गेली. आपल्या घरीही सारे आलबेल नव्हते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता जागतिक संस्थेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित केली. ती परत मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात आपल्या खेळाडूंचे नमुने परदेशी पाठवावे लागले.

महाराष्ट्राला झोंबलेले प्रकरण नरसिंग यादव यांचे. २०११, २०१२ आणि २०१३ असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी त्यांच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन सापडले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते कालवले, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्थेच्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्यांना मोकळे केले. जागतिक संस्थेने दाद मागितली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने त्यांना चार वर्षांची बंदी घातली. तीन आठवड्यांत दोन निवाडे, एकमेकांच्या अगदी उलट! त्यांना निर्दोष मानणारे आहेत, दोषी मानणारेही आहेत. दोघांचे एकमत एवढ्यावरच की आपल्या संस्थांवर विसंबून राहता येत नाही.

हा अविश्वास कालचा नाही. १९५२ मध्ये आपले खाशाबा जाधव यांना मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने मागे पाडले गेले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली, खाशाबांनी ती जिंकली आणि हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. तीही एक फेरतपासणीच होती. फरक इतकाच की ती वेळेवर झाली. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात पृथ्वीराज मोहोळ यांच्याशी झालेल्या कुस्तीच्या निर्णयावरून शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचे समर्थन कोणी करू नये. परंतु दाद मागण्याचे दार बंद आहे असे मल्लाला वाटू लागले की मैदानाचे काय होते, हे त्या दिवशी साऱ्यांनी पाहिले.

बेळगाव-निपाणीकडच्या पोराची अवस्था तर आणखी अवघड. तो कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळतो, कर्नाटकाच्या नावाने खेळतो, आणि त्याचा नमुना दिल्लीला जातो. नमुन्याचे पुढे काय झाले हे त्याला कळण्याआधी गावाला वर्तमानपत्रातून कळते. जत्रेच्या मैदानात तर सहसा कोणी तपासनीस बाटली घेऊन फिरकत नाही. सुई टोचणाऱ्याला तेथे मोकळे रान असते. जागतिक संस्थेच्या आकडेवारीत २०२३ साली भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतले २१३ सदोष निघाले. हा आकडा वाचून मान खाली जाते. तथापि न तपासलेल्यांचा आकडा कोठेच छापलेला नाही.

मग नमुन्यांची ही वखार मोडून टाकावी काय? मुळीच नाही. अधिकारी बदलतो, मंत्री बदलतो, साक्षीदार विसरतो. गोठवलेली बाटली दहा वर्षे मुकाट्याने थांबते. आज लबाडी करणाऱ्याला रात्री झोप लागू नये, एवढे काम तरी ती करतेच. मात्र वखारीची किल्ली पदके मोजणाऱ्यांकडे असू नये. फेरतपासणीत दोष निघाला तर जाहीर करावाच, पण किती नमुने तपासले आणि किती निर्मळ निघाले हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत सांगावे. निर्मळ निघालेल्याला कोणी हार घालत नाही. त्याच्या नावावरचा संशय तेवढा मागे राहतो. आणि तालमीतल्या वस्तादांनी शिष्याला डावाबरोबर औषधांची निषिद्ध यादीही शिकवावी. खुराकात काय पडते याचा हिशेब ज्या घरात आई ठेवते, त्या घरातला मल्ल सहसा फसत नाही.

गाण्यात बेसूर लागलेला स्वर हवेत विरून जातो, म्हणून आम्हां गवयांचे पुष्कळ अपराध पोटात घातले जातात. मल्लाचा स्वर बाटलीत राहतो. तो पुन्हा ऐकला जाणार असेल तर ऐकणारा कानही निर्मळ हवा, एवढे मागण्याचा त्याला हक्क आहे.