खीळ, खुंटी आणि टाचणी



पूर्णा हे जंक्शनचे गाव. परभणी, नांदेड आणि अकोल्याकडचे रूळ इथे मिळतात. सकाळी हातोडा घेऊन रुळाच्या कडेने चालणारा रेल्वेचा कीमन मी अनेक वर्षे पाहत आले आहे. फिशप्लेटचे बोल्ट सैल झाले आहेत का, रूळ स्लीपरला धरून ठेवणारी पोलादी क्लिप जागेवर आहे का, हे तो तपासतो. गाडीच्या हादऱ्यांनी साधा बोल्ट हळूहळू सैल होतो. क्लिप मात्र स्प्रिंगसारखी, स्वतःच्या ताणानेच रूळ दाबून धरते. या प्रकारची क्लिप १९५० च्या दशकात नॉर्वेचे इंजिनिअर पेर पांडे-रोल्फसेन यांनी शोधली.

आपल्या भाषेत 'खीळ' शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाडीच्या आसाला खीळ घातली की चाक निसटत नाही. कामाला खीळ बसली की काम थांबते. एकच वस्तू धरतेही आणि अडवतेही. गेल्या वर्षी एका टाचणीने मला हे शिकवले.

पूर्णेच्या उत्तरेला हिंगोली जिल्ह्यात आंध आदिवासींची पुष्कळ गावे आहेत. तिथल्या एका मुलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचे होते. त्यासाठी जमातीचे प्रमाणपत्र हवे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात आणि मराठवाड्यात त्या काळातले अनेक कागद निजामाच्या राजवटीतले, उर्दूत लिहिलेले असतात. तिच्या पणजोबांच्या शाळेचा असा एक उतारा खूप शोधल्यावर सापडला. त्याचे मराठी भाषांतर करून घेतले आणि दोन्ही कागद अर्जाला जोडले. टाचणी मीच लावली होती.

फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. वाटेत कधीतरी टाचणी निसटली आणि उतारा गळाला. "पुरावा जोडलेला नाही" या शेऱ्यासह अर्ज परत आला. जोडलेल्या कागदांची यादी मी दिली नव्हती, त्यामुळे दाखवायला काहीच नव्हते. नवा उतारा मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. दिवाळीनंतर ती मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली.

हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा तिची आजी काही बोलली नाही. काटा काढायला गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवलेली पिन तिने काढली आणि माझ्या हातात ठेवली. "बाई, पुढच्या वेळेला ही लावा. ही सुटत नाही."

ते खरेच आहे. सेफ्टी पिनचे पेटंट अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये घेतले. तिच्या एका टोकाला तारेचा वेढा असतो. तो दांडीला ताण देतो आणि त्या ताणाने टोक टोपणात अडकून राहते. रुळावरची क्लिपही ताणानेच धरते. टाचणीला असा ताण नसतो. ती नुसती कागदात खुपसलेली असते.

यशयाच्या २२ व्या अध्यायात एल्याकीमाला भक्कम जागी ठोकलेल्या खुंटीची उपमा आहे. घराण्याची लहानमोठी सगळी भांडी तिच्यावर टांगली जातात. पण अध्यायाच्या शेवटी भक्कम जागची खुंटीही निखळते आणि तिच्यावरचा भार खाली येतो. एका मुलीचे सगळे भवितव्य मी एका टाचणीवर टांगले होते.

आता आम्ही असे करतो: प्रत्येक पानाला क्रमांक, वर कागदांची यादी, भोक पाडून नाडीने बांधणी, सगळ्याच्या दोन छायाप्रती आणि यादीवरच कार्यालयाची सही-शिक्क्याची पोच. सेफ्टी पिनही लावत नाही. ती गंजते आणि जुन्या कागदावर डाग पाडते. आपल्या मंडळीत कोणी गरिबांचे अर्ज भरून देत असेल, तर त्यांनीही एवढे जरूर करावे.

आपल्याविरुद्धचा ऋणलेख ख्रिस्ताने वधस्तंभाला खिळून रद्द केला, असे पौल कलस्सैकरांस लिहितो. आपल्यावर आरोप ठेवणारा कागद त्याने खिळला. गरिबाच्या बाजूने बोलणारा कागद नीट बांधून ठेवणे, एवढे तरी आपल्या हातून व्हावे.

त्या मुलीचा अर्ज पुन्हा दिला आहे. पोच माझ्याकडे आहे. आजीची पिन माझ्या बायबलच्या कव्हरला लावली आहे. या वर्षी तिला प्रवेश मिळावा म्हणून प्रार्थना करा.