पावसाळ्यातील पिवळा बेडूक

धारच्या पवारांमुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या धार जिल्ह्यात सरदारपूर हा तालुका आहे. मही नदीचा उगम येथलाच. खरमोर पक्ष्यासाठी १९८३ साली येथे अभयारण्य घोषित झाले. पावसाळ्यात गवतातून उंच उडी घेणारा खरमोराचा नर पाहावयास लोक दुरून येतात. त्याच पावसात रंग पालटणाऱ्या डबक्यातील बेडकाकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही.

हा आपला नेहमीचा मोठा बेडूक. त्याच्या भारदस्त आवाजावरून इंग्रजांनी त्यास बैल-बेडूक म्हटले. उन्हाळाभर तो जमिनीत स्वतःस गाडून घेऊन निपचित राहतो व पहिला जोराचा पाऊस होताच बाहेर येतो. एरवी मळकट हिरवा असणारा नर त्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून मादीस साद घालतो. युरोपातील न्यूट हा पालीसारखा दिसणारा, शेपटीचा उभयचर प्राणी. त्याच्याही काही जातींत विणीच्या काळी नराच्या पाठीवर झालरीसारखा तुरा उगवतो. परंतु न्यूटची मादी एकेक अंडे पाणवनस्पतीच्या पानात गुंडाळून ठेवते. आपल्या बेडकीस एवढी सवड कोठली? डबक्यातील पाणी किती दिवस टिकेल याचा भरवसा नसल्याने ती हजारो अंडी उथळ पाण्यात सोडून मोकळी होते. त्यांतून निघणारी शेपटीची पिले, म्हणजे भैकेर, डासांच्या अळ्या खातात आणि इतर बेडकांच्या पिलांनाही सोडीत नाहीत. मोठेपणी हाच बेडूक शेतातील किडे, खेकडे, प्रसंगी उंदीरही गिळतो.

नराची साद मादीस जशी वाट दाखविते, तशी शिकाऱ्यासही. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा व्यापार भारतात एकेकाळी मोठा होता. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये या जातीच्या व्यापारावर नियंत्रण आले आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. तथापि गोव्यात पावसाळ्याच्या आरंभी तो खाण्यासाठी अद्यापि चोरून पकडला जातो. अंडी घालण्यापूर्वी मादी हाती लागली, तर त्या डबक्याची पुढली पिढीच तिच्यासोबत जाते.

डबक्यात औषध फवारण्यापूर्वी ग्रामपंचायतींनी त्यात भैकेर आहेत काय, हे अवश्य पाहावे. बेडकाची त्वचा पातळ व ओलसर असल्याने विषारी द्रव्य तिच्यातून सहज अंगात शिरते. शिक्षकांनीही पहिल्या मोठ्या पावसानंतर विद्यार्थ्यांस बांधावर न्यावे. पिवळा रंग थोडेच दिवस टिकतो.