'पुरत नाही' ते 'पुरून उरतं'

(जिंतूर येथील कीर्तनसेवेतून शब्दबद्ध)



आज चिंतनाला एक साधा शब्द घेतला आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात तो दिवसातून दहा वेळा निघतो. तो शब्द म्हणजे 'पुरत नाही'. पगार पुरत नाही, पाणी पुरत नाही, रान पुरत नाही, वेळ पुरत नाही. दोन एकरवाला असं म्हणाला तर समजू शकतं. पण पन्नास एकरवालाही तेच म्हणतो! मोंढ्यात सोयाबीनची गाडी रिकामी करून, पैसे खिशात घालून घरी निघालेला माणूसही वाटेत हाच हिशेब करतो. मग ही उणीव आहे कुठं? कणगीत आहे की मनात आहे? तेवढंच आज बघायचं.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. टंचाई दोन प्रकारची असते, एक पोटाची आणि एक मनाची. पोटाच्या टंचाईवर प्रवचन करू नये, तिथं भाकरीच द्यावी. १९७२ चा दुष्काळ आठवणारी म्हातारी माणसं इथं बसली आहेत. लाल मिलोची भाकरी त्यांनी खाल्ली आहे, खडी फोडली आहे. त्यांना कुणी म्हटलं असतं, 'बाबा, मन मोठं करा, सगळं भरपूर आहे,' तर ती थट्टा झाली असती. हल्ली काही लोक व्यासपीठावरून सांगतात, श्रीमंतीचा विचार करा की श्रीमंत व्हाल. संतांनी असं कधी सांगितलं नाही. संतांनी भूक डोळ्यांनी पाहिली होती, घरात सोसली होती.

आता मनाची टंचाई बघा. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सोबत्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी घातली. एकदा ऊस तुटायच्या आधी, हात रिकामा असताना. पुन्हा ऊस तुटल्यावर, पैसा आल्यानंतर. माणूस तोच, डोकं तेच. पण पैशाची ओढाताण असताना त्याला कोडी कमी सुटली, पैसा आल्यावर जास्त सुटली. याचा अर्थ काय? गरीब माणूस बुद्धीनं कमी नसतो. काळजी त्याच्या बुद्धीची जागा अडवून बसते. 'पुरणार नाही, पुरणार नाही' हे आत चालू असलं की माणसाला आजची रात्र दिसते, उद्याची सकाळ दिसत नाही. म्हणून तो घाईत सावकाराचा दर कबूल करतो, घाईत भावाशी बांधावरून भांडतो. त्याला नावं ठेवू नका. त्याच्या मनावरचं ओझं बघा.

बरं, ही भीती तेवढ्यावर थांबत नाही. ती खरी टंचाई तयार करते. आपल्या तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं एवढं मोठं धरण आहे, तरी माळावरच्या गावांना उन्हाळा जड जातोच. मग एकजण दोनशे फूट बोअर घेतो. शेजाऱ्याच्या मनात येतं, हा सगळं पाणी ओढणार. तो चारशे फूट जातो. तिसरा सहाशे. प्रत्येकजण कर्ज काढतो, प्रत्येकजण दुसऱ्याच्या आधी पाणी उपसायला बघतो. शेवटी काय? तिघांचंही बोअर कोरडं, तिघांच्याही डोक्यावर कर्ज. पाणी कमी होतं हे खरं. पण ते संपवलं ते 'मला उरणार नाही' या भीतीनं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर, म्हणजे जुन्या अहमदनगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. कमी पावसाचं गाव. लोक गाव सोडून कामाला बाहेर जायचे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावानं पाणी अडवलं, जिरवलं. पण त्याहून मोठी गोष्ट केली ती ही, की शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं टाळली. पावसाळा संपला की गावात पाणी किती आहे ते मोजायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्या पाण्यावर पीक ठरवायचं. आभाळातून त्यांना काही जास्त पाऊस दिला नाही हो देवानं! पाऊस तोच, पण 'माझं पाणी' याचं 'आपलं पाणी' झालं, आणि बाहेर गेलेली माणसं गावात परत आली.

म्हणून भरपूरपणा म्हणजे काय? खूप असणं नव्हे. आहे ते मोजणं, त्यात आधी वाटा काढणं आणि भीतीच्या हातात निर्णय न देणं, याचं नाव भरपूरपणा.

आता तुकोबारायांकडे या. देहूचं महाजनकीचं घर, दुकान, सावकारी, सगळं व्यवस्थित होतं. १६३० ते १६३२ चा तो भयंकर दुष्काळ आला. धंदा बुडाला. थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेलं. आपल्यासारख्याचं मन अशा वेळी काय म्हणेल? 'आता एक पैसा सोडायचा नाही. ज्याच्याकडे येणं आहे त्याच्या दारात जाऊन बसायचं.' आणि तुकोबांकडे कर्जखतं होती! चरित्रकार सांगतात, महाराजांनी ती खतं काढली. धाकटे बंधू कान्होबा, त्यांचा निम्मा वाटा त्यांच्या हातात दिला. स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीच्या डोहात सोडली.

यातल्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली, ते श्रीमंत झाल्यावर उदार झाले नाहीत. सगळं गेल्यावर झाले. आम्ही म्हणतो, 'आधी येऊ द्या महाराज, मग देऊ.' ते 'मग' आयुष्यभर येत नाही. दुसरी गोष्ट, त्यांनी सोडलं ते स्वतःच्या वाट्याचं. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. लेकराच्या फीचे पैसे उचलून गावात दानशूर म्हणवून घेणं हा परमार्थ नव्हे. तो दिखावा आहे, आणि दिखावा हीसुद्धा मनाची टंचाईच आहे. कर्ज काढून लग्नात हजार पत्रावळी उठवणारा माणूस आतून घाबरलेला असतो, 'लोक मला कमी समजतील' म्हणून.

कुणी म्हणेल, तुकोबा महाजन तरी होते, आमच्याकडे सोडायलाही काही नाही. मग आपल्या परभणी जिल्ह्याचीच लेक बघा, गंगाखेडची जनाबाई. पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी दासी. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं, सगळी कामं दुसऱ्याच्या घरची. नावावर जमीन नाही, अंगावर डाग नाही. पण तिच्या अभंगांत 'मला कमी आहे' हा सूर सापडतो का? तिनं जात्यावर बसून देवाला दळायला बोलावलं! देव सोबत आहे म्हटल्यावर तेच जातं हलकं झालं. दळण कमी झालं नाही, एकटेपण गेलं. आणि सातशे वर्षं झाली, आजही आपल्या माय-बहिणी तिच्या शब्दांवर जगतात. ज्या बाईकडे काहीच नव्हतं, तिचं देणं अजून संपलेलं नाही. नामाचं असंच आहे. पैसा वाटला की कमी होतो. नाम वाटलं की दोघांकडे राहतं.

आता घरी जाऊन करायचं काय? तीन गोष्टी सांगतो, सोप्या आहेत.

एक, निजताना 'काय नाही' याची मोजणी रोज होतेच. तिच्या आधी 'काय आहे' याची मोजणी करा. हात-पाय आहेत, घरचं माणूस आहे, दावणीला जनावर आहे, मुखात नाम आहे. आधी हे, मग ते.

दोन, सुगी झाली की वाटा आधी काढा, कणगी नंतर भरा. पसाभर का असेना. उरलं तर देऊ म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही.

तीन, आणि हे मी हात जोडून सांगतो. कर्ज झालं असेल तर ते मनात पुरून ठेवू नका. आपल्या मराठवाड्यानं फार लेकरं गमावली आहेत. नापिकीनं माणूस मोडतो हे खरं, पण 'आता मला कुणी नाही' असं वाटलं की तो तुटतो. कर्ज बँकेचं असेल, सावकाराचं असेल, घरात बोला. बायकोला सांगा, भावाला सांगा, दिंडीत शेजारी चालतो त्या माणसाला सांगा. लाज वाटून घेऊ नका. आणि ऐकणाऱ्यानं उपदेश करू नये, शेजारी बसावं. बँकेत त्याच्याबरोबर जावं. पैसा नसेल आपल्याकडे, पण सोबत आहे. सोबत ही आपल्या गावाची सगळ्यात मोठी कणगी आहे.

खोटं वाटत असेल तर आपला सप्ताह बघा. गावातल्या कुठल्या एका घराला सगळ्या गावाची पंगत झेपेल? कुणालाच नाही. पण सप्ताहात घरटी भाकरी येतात. कुणाच्या चार, कुणाच्या चाळीस. कढईत आमटी उकळते, पंगत बसते. कुणाच्या घरची भाकरी कुणाच्या पानात पडली, कुणी विचारत नाही. परगावचे वारकरी जेवतात, वाटसरू जेवतात आणि टोपल्यात भाकरी उरते. घरात असताना हीच भाकरी पुरत नव्हती. मंदिरात आली आणि उरली. भाकरी वाढली नाही मायबाप, 'माझी' हा शब्द तेवढा कमी झाला.

तो शब्द वर्षातले सात दिवस कमी होतो. उरलेल्या दिवसांत थोडा थोडा कमी व्हावा, एवढंच पांडुरंगाच्या चरणी मागणं मागून सेवेला विराम देतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!