स्वस्त कापडाची महाग गोष्ट

दिवाळी तोंडावर आली की प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक हिशेब मांडला जातो. मुलांचे कपडे, सौभाग्यवतींची साडी, जावयाचा आहेर आणि उरलेच काही, तर आपल्या पायांत नवी चप्पल! दुकानदाराने दोन सदरे पुढे टाकले आणि त्यांतला परदेशी शंभर रुपयांनी स्वस्त निघाला, तर आपण कोणता घेतो? मी तरी स्वस्तच घेतो. तुम्हीही घेत असाल. त्यात पाप नाही. पण आपले हे शंभर रुपये वाचतात, तेव्हा कोणाच्या चुलीवरचे भांडे उतरते? याचे उत्तर हवे असेल, तर इंग्लंडातल्या लँकेशायरकडे पाहावे.

लँकेशायर म्हणताच आपली जुनी खपली निघते. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार सुती कापड परदेशी पाठवले. त्यातले सुमारे ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानात आले. आपले हातमाग त्याखाली दबले. एवढ्यानेही मँचेस्टरचे समाधान होईना, म्हणून १८९६ पासून आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला. पुण्यातली १९०५ ची विलायती कापडाची होळी आणि १९३० साली मुंबईत विलायती मालाच्या लॉरीपुढे आडवा झालेला बाबू गेनू, ही त्याचीच उत्तरे होती.

पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बहिष्कार, जपानी माल आणि आपल्या वाढत्या गिरण्या यांमुळे तिकडचे माग थांबू लागले. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी मुद्दाम तिथल्या डार्वेन गावी गेले. त्यांनी बेकारांची दुःखे ऐकली. पण आमच्याकडे कोट्यवधी लोक वर्षातले सहा महिने रिकामे बसतात, हेही स्पष्ट सांगितले. तरीही गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती हसतमुखाने गर्दी केली. ते छायाचित्र आजही पाहावेसे वाटते.

पुढे तर चाक पुरतेच फिरले. साम्राज्यातल्या देशांचा माल ब्रिटनमध्ये जकातीवाचून यावा, असा करार १९३२ साली ओटावा येथे झाला होता. त्याच दारातून हाँगकाँग, पाकिस्तान आणि भारत यांचे स्वस्त कापड आत शिरले! १९५८ साली ब्रिटनची कापडाची आयात निर्यातीहून अधिक झाली. १९५९ च्या कायद्याने चाती आणि माग मोडीत काढणाऱ्या गिरणीमालकांना सरकारने भरपाई दिली. नंतरच्या दोन दशकांत जवळजवळ आठवड्याला एक गिरणी बंद पडत गेली. रात्रपाळीला माणसे मिळेनात म्हणून पाकिस्तानातून आणि गुजरातेतून आलेल्या मजुरांचीही कामे गेली. शेजारच्या रॉसेनडेल खोऱ्यात सपाता बनविण्याचा मोठा धंदा होता. परदेशी पादत्राणांपुढे तोही ओसरला.

वाचकहो, यात एक गोम आहे. स्वस्ताईचा लाभ लाखो घरांत थोडा थोडा वाटला जातो, तो जाणवतही नाही. तोटा मात्र एकाच गावावर एकदम कोसळतो. बर्नली-नेल्सनकडे नवराबायको दोघेही मागावर असत. गिरणी मिटली की दोन्ही पगार एकाच शनिवारी थांबत. पन्नाशीच्या विणकराला दुसरा धंदा कोण शिकवणार? भरपाई मागाची मिळते, हातातल्या कसबाची मिळत नाही.

आज हीच पाळी आपल्या कारागिरांवर येते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे भूषणच. पण मानांकनाने पोट भरत नाही, त्याला गिऱ्हाईक लागते. स्वस्त रबरी चपलेपुढे चामड्याची शिलाई किती टिकणार?

म्हणून कायमची जकात बसवावी काय? तसे केले, तर गरिबाच्या अंगावरचा सदराच महागेल. माझे म्हणणे इतकेच की, दार उघडायचे तर ते हळूहळू उघडावे, आणि उघडण्यापूर्वी आतल्या कारागिराला नवे हत्यार, नवे शिक्षण आणि चार वर्षांचा अवधी द्यावा. स्वस्ताईचा लाभ सर्वांनी घ्यावयाचा, तर तिचा भारही सर्वांनीच उचलला पाहिजे.